धार टिकवणारा प्राध्यापक

पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत बैलबाजाराबरोबर शेतीची अवजारंही विकायला येतात. कोयता घेणारा आधी धार बघतो. जवळच मुरबाडच्या एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या कारागिरालाही तीच काळजी असते : हे टूल किती जॉब काढेल? पुणे विद्यापीठातून पीएचडी करून अमेरिकेत गेलेले प्रा. अजय मालशे याच प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं लागले.

हिरा सर्वांत कठीण, पण पोलाद कापायला तो कुचकामी. कापताना उष्णता वाढते, हिऱ्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि धार जाते. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत क्यूबिक बोरॉन नायट्राइड घडवलं. कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखाल, आणि लोखंडाशी त्याचं वाकडं नाही. मात्र त्याचे इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे, महाग. साध्या कार्बाइडवर त्याचा जाडसर थर वाढवावा, तर आतल्या ताणाने तो सोलून निघतो.

अर्कान्सा विद्यापीठात मालशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर वाढवण्याचा नादच सोडला. त्यांनी क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या तयार कणांची भुकटी घेतली, तिला विद्युतभार देऊन कार्बाइडच्या इन्सर्टवर फवारली आणि कणांमधल्या फटींत वायूंच्या रासायनिक क्रियेतून टायटॅनियम नायट्राइड भरून ती घट्ट बांधली. त्यांच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत देखणं वाटतं. पदार्थ जुनाच होता, रंगकामाच्या कारखान्यांतली फवारणीही जुनीच. दोन्ही एकत्र आणण्याची नजर मात्र नवी होती.

पुढे घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे अतिसूक्ष्म कण वनस्पती तेलातल्या रेणूंसोबत दळून वंगणं तयार केली. हे संशोधन नॅनोमेक या कंपनीमार्फत बाजारातही उतरलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्यत्व दिलं. नंतर ते पर्ड्यू विद्यापीठात गेले. निबंध छापून न थांबता माल कारखान्यापर्यंत पोचवणारे प्राध्यापक आपल्याला फार कमी लाभले आहेत, म्हणून त्यांचं मोल मोठं.

मुरबाड-शहापूरकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना एक विनंती. प्रोजेक्टसाठी विषय शोधताना आधी शॉप फ्लोअरवर जा, तिथले झिजलेले इन्सर्ट मागून घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. झीज बाजूला आहे की माथ्यावर, कड तुटली की वितळून चिकटली, ते लिहून काढा आणि ते टूल वापरणाऱ्या कारागिराला दाखवा.