सी. चेंज नावाचा लेखक

आमच्या फायनल इयर प्रोजेक्टचा विषय होता हडपसरची हवा. सोलापूर रोडला पंधरा नंबरच्या सिग्नलला सकाळी नऊ वाजता उभं राहिलं की नाकात जाते, तीच. पुण्यातल्या आयआयटीएमचं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, ‘सफर’ नावाचं हवा मोजणारं जाळं आहे आणि त्याचं एक केंद्र हडपसरलाही आहे. आम्ही चौघांनी आकडे गोळा केले, मॉडेल बसवलं, ग्राफ काढले, रिपोर्ट ओव्हरलीफवर लाटेकमध्ये लिहिला आणि प्रिंट काढून गाइडपुढे ठेवला. सरांनी ग्राफ पाहिलेच नाहीत. थेट शेवटच्या पानावर गेले, पेन्सिलीने एक गोल काढला आणि विचारलं, ‘‘हा सी. चेंज कोण?’’

आम्हीही वाकून पाहिलं. संदर्भ क्रमांक चौदा. लेखक दोन: एफ. मिनिस्ट्री ऑफ एन्व्हायर्न्मेंट आणि सी. चेंज.

तुम्हाला कळलंच असेल. तो केंद्राच्या पर्यावरण खात्याचा अहवाल होता. २०१४ पासून खात्याचं नाव ‘मिनिस्ट्री ऑफ एन्व्हायर्न्मेंट, फॉरेस्ट अँड क्लायमेट चेंज’ असं आहे. आम्ही ते जसंच्या तसं बिब फाइलमध्ये टाइप केलं होतं. आता ही फाइल वाचणारा बिबटेक हा प्रोग्रॅम १९८५ चा आहे आणि त्याचे नियम साधे आहेत. नावात ‘अँड’ दिसलं की तिथे एक लेखक संपला आणि दुसरा सुरू झाला. स्वल्पविराम दिसला की आधीचं आडनाव, नंतरचं पहिलं नाव. म्हणजे फॉरेस्ट हे झालं एका गृहस्थाचं नाव, त्याचं झालं ‘एफ.’ आणि क्लायमेट चेंज हे दुसरे गृहस्थ, त्यांचं ‘सी. चेंज’. वरच्या ओळीत पुणे महानगरपालिका ‘पी. एम. कॉर्पोरेशन’ होऊन बसली होती आणि आयआयटीएम ‘आय. आय. ऑफ ट्रॉपिकल मीटिऑरॉलॉजी’. सर हसले नाहीत. ‘‘एक्स्टर्नल पहिलं हेच पान उघडतो,’’ एवढंच म्हणाले.

उपाय अगदी चिमुकला आहे. संस्थेच्या नावाभोवती महिरपी कंसांची दुहेरी जोडी घातली की बिबटेक त्या नावाला हात लावत नाही. पण आमच्याकडे चाळीसेक संदर्भ होते, सगळे हाताने टाइप केलेले किंवा गूगल स्कॉलरवरून उचललेले, आणि प्रत्येकात काही ना काही. कुठे वर्ष नाही, कुठे एकच पेपर दोनदा, कुठे शीर्षकातलं पुणे लहान ‘पी’ने. (शेवटचं का होतं? बऱ्याच स्टाइल शीर्षकातली पहिल्या शब्दानंतरची मोठी अक्षरं सरसकट लहान करतात. त्या शब्दालाही महिरपी कंस लागतो.) सबमिशनला उरले होते आठ दिवस. आणि मग आम्ही, बहुतेक सगळे ग्रुप करतात तसं, जे पहिल्या सेमिस्टरला करायचं ते शेवटच्या आठवड्यात केलं: रेफरन्स मॅनेजर घेतला.

तुम्ही अजून घेतला नसेल तर दोन नावं ऐकली असतील. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात, इतिहासाच्या मंडळींनी सुरू केला. तो फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे. मेंडेली २००७ मध्ये लंडनमध्ये तीन जर्मन पीएचडी विद्यार्थ्यांनी काढला आणि २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने तो विकत घेतला. त्याच्याकडे फुकट जागा जास्त मिळते, २ जीबी. झोटेरोकडे ३०० एमबी. पण ही जागा पीडीएफ ऑनलाइन ठेवण्यासाठी. नुसत्या नोंदींना झोटेरोत मर्यादा नाही. माझं मत विचाराल तर झोटेरो. सिनिअर्स तुम्हाला मेंडेली डेस्कटॉपची जी ट्रिक सांगतात, ती आपोआप अपडेट होणारी बिब फाइल, ते जुनं सॉफ्टवेअर २०२२ पासून डाउनलोडलाच मिळत नाही.

झोटेरोचं काम एका वाक्यात: ब्राउझरमध्ये पेपर उघडा, बटण दाबा, लेखक, वर्ष, जर्नल, डीओआय सगळं तुमच्या लायब्ररीत. लेखकाच्या रकान्याशेजारी एक बारीकसं चिन्ह असतं. ते दाबलं की नाव-आडनाव असे दोन रकाने मोडून एकच होतो. संस्थांसाठी तेच वापरायचं, म्हणजे दुहेरी कंस झोटेरो स्वतः घालतो आणि सी. चेंजचा जन्मच होत नाही.

आता जोडणी. ओव्हरलीफच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये झोटेरो किंवा मेंडेली लिंक करायचं, परवानगी द्यायची. मग प्रोजेक्टमध्ये नवी फाइल घेताना ‘फ्रॉम झोटेरो’ निवडायचं, फाइलला नाव द्यायचं, आणि तुमची अख्खी लायब्ररी किंवा झोटेरोतली ग्रुप लायब्ररी बिब फाइल बनून आत येते. मुख्य फाइलमधल्या बिब्लिओग्राफी कमांडमध्ये तेच नाव घालायचं. पाच मिनिटांचं काम. फक्त ही सोय पैसे देणाऱ्यांना आहे. काही संस्थांनी सगळ्यांसाठी मिळून सबस्क्रिप्शन घेतलेलं असतं, तेव्हा आधी लायब्ररीत विचारा. आमच्याकडे नव्हतं. चौघांनी कॉन्ट्री काढली आणि ग्रुपमधल्या एकीच्या नावावर महिन्याचा स्टुडंट प्लॅन घेतला. फुकटच्या अकाउंटला तसंही प्रोजेक्टमध्ये आपल्याशिवाय एकच जण घेता येतो आणि आम्ही चौघं.

तिने फाइल जोडली. आम्ही जुनी काढून टाकली. रिकम्पाइल दाबलं. आणि अख्ख्या रिपोर्टमध्ये, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जिथे जिथे [१२], [२३] असायचं तिथे तिथे एकच गोष्ट: [?].

हे तुम्हालाही दिसणार आहे, तेव्हा घाबरू नका. लाटेक संदर्भाला त्याच्या नावाने ओळखत नाही, ‘की’ने ओळखतो. आम्ही हाताने टाइप करताना रेफ-वन, रेफ-टू अशा की दिल्या होत्या. झोटेरो आपली की लेखकाचं आडनाव, शीर्षकातला पहिला शब्द आणि वर्ष यांतून बनवतो. दोघांचा मेळ बसणार कसा? रात्रभर बसून एकाने जुनी की वाचायची, दुसऱ्याने नवी सांगायची, तिसऱ्याने बदलायची. ससाणेनगरच्या रूमवर चहाच्या तीन खेपा झाल्या. आणि गंमत अशी की पुढे कधी झोटेरोत तुम्ही एखाद्या लेखकाचं आडनाव दुरुस्त केलंत तर की परत बदलते, तेवढ्या जागी परत [?]. यासाठी बेटर बिबटेक नावाचं झोटेरोचं फुकट प्लगइन आहे. त्यात की आपल्याला हवी तशी ठरवून पक्की करता येते. प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी घाला. सहाव्या महिन्यात घालून उपयोग आहे, पण चहा जास्त लागतो.

याच रात्री अजून एक गोष्ट उघडी पडली आणि ती मला जास्त लागली. झोटेरोत जादूच्या छडीचं एक चिन्ह आहे. डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की तो नोंद शोधून आणतो. आमच्या यादीतल्या दोन संदर्भांचे डीओआय टाकले तर काहीच सापडेना. शीर्षक गूगलवर टाकलं, तिथेही नाही. ग्रुपमध्ये क्षणभर शांतता. मग एकाने कबूल केलं की लिटरेचर सर्व्हेचा तो परिच्छेद त्याने चॅटबॉटकडून घेतला होता. लेखकांची आडनावं भारतीय, जर्नलचं नाव खरं, वर्ष पटेल असं. फक्त पेपर कधी लिहिलाच गेला नव्हता. आम्ही दोन्ही काढले, परिच्छेद नव्याने लिहिला. हे केवळ विद्यार्थ्यांचं होतं असंही नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. तेव्हा छडी वापरा. कधी कधी खऱ्या पेपरचा डीओआयही टायपिंगच्या चुकीने सापडत नाही, म्हणून शीर्षकही शोधून बघा. मागे घेतलेला, म्हणजे रिट्रॅक्ट झालेला पेपर तुमच्या लायब्ररीत असेल तर झोटेरो लाल पट्टीत तसं सांगतो, हाही एक फायदा.

बरं, सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी काय झालं ते ऐका. झोटेरोच्या ग्रुप लायब्ररीत आम्ही तीन संदर्भ दुरुस्त केले. ओव्हरलीफ उघडलं, संदर्भ जुनेच. कारण जोडणी म्हणजे नळ उघडा ठेवलेला नाही. बिब फाइल उघडून ‘रिफ्रेश’ दाबलं तरच झोटेरोतलं नवं आत येतं. ठीक आहे, दाबू. दाबता येईना. जिने फाइल जोडली, फक्त तिलाच रिफ्रेश करता येतं. आणि ती होती बारामतीला, मावसबहिणीच्या हळदीला. फाइलमध्ये हाताने बदलावं तर जोडलेली फाइल ओव्हरलीफमध्ये नुसती वाचता येते, बदलता येत नाही.

अकरा फोन झाले. बाराव्याला तिने उचलला, मागे डीजे. हळदीने माखलेल्या बोटांनी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ उघडून तिने रिफ्रेश दाबलं आणि रात्री सव्वादहाला पीडीएफमधून सी. चेंज कायमचा गेला.

आता यातला वेडेपणा. ग्रुप लायब्ररी आमच्या चौघांच्याही झोटेरोत होती. आमच्यापैकी कुणीही ती एक्स्पोर्ट करून, बिबटेक फॉरमॅट निवडून, साध्या फाइलसारखी ओव्हरलीफवर अपलोड करू शकला असता. प्लॅन नको, लिंक नको, बारामती नको. दोन मिनिटांचं काम. चाळीस-पन्नास संदर्भ असतील तर अजूनही मी हाच रस्ता सुचवेन, फक्त एकाच माणसाने आणि दर वेळी त्याच नावाने अपलोड करायचं, नाहीतर प्रोजेक्टमध्ये फायनल, फायनल-टू, फायनल-खरंच-फायनल अशा बिब फाइल जमतात आणि लाटेक भलतीच वाचत बसतो. लिंकची खरी मजा आहे ती पीएचडीवाल्यांना, ज्यांच्या लायब्ररीत रोज नवं काहीतरी पडतं.

हडपसरमध्ये फक्त इंजिनिअरिंगचीच कॉलेजेस नाहीत, तेव्हा मराठीत किंवा इतिहासात प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. पालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मराठीतून द्यायचा म्हणून आम्हीही यात अडकलो. ओव्हरलीफ सुरुवातीला पीडीएफलाटेक हा कम्पायलर लावतो आणि साध्या फाइलमध्ये देवनागरी टाइप केलं की तो अडून बसतो. मेन्यूतून झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा, नोटो देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट लावा. संदर्भ वर्णानुक्रमे हवे असतील तर बिबटेकऐवजी बिबलाटेक आणि त्याच्या जोडीचा बायबर घ्या. बिबटेकला युनिकोड कळत नाही, त्यामुळे मराठी नावांची क्रमवारी त्याच्या भरवशावर सोडू नये. लाटेकच्या सीटॅन या भांडारात ‘लाटेक-एमआर’ नावाची, मराठी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली मार्गदर्शिका फुकट आहे. ती वाचली तर अर्धे प्रश्न सुटतात. आणि तुम्ही वर्डवरच लिहिणार असाल तरी झोटेरो चालतो, वर्ड, लिब्रे ऑफिस, गूगल डॉक्स तिन्हीत. लाटेकच हवं असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीतळाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे आम्ही ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकलं. चार प्रती, सोनेरी अक्षरं, संदर्भ एकोणचाळीस, सगळ्यांना नावं-आडनावं जागच्या जागी.

व्हायव्हाला एक्स्टर्नल मॅडमनी खरंच शेवटचं पान आधी उघडलं. बोट खाली नेत नेत गेल्या. फॉरमॅटबद्दल एक अक्षर नाही. मग सहज तीन आकडे म्हणाल्या, सात, चौदा आणि एकतीस, आणि विचारलं, ‘‘हे तीन वाचलेत?’’

सात आणि चौदा वाचले होते. एकतीसचा फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट.