दम्याला पावडर-गोळ्यांचा आधार किती?

ऑक्टोबर उजाडला, की भंडारा जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी सुरू होते. मळणीची धूळ उडते, पहाटे गारवा जाणवतो आणि दम्याच्या रुग्णांची धाप वाढते. याच सुमारास कोजागिरी येते. चांदण्यातल्या खिरीतून दम्याचे औषध घ्यायला अनेक जण रात्र जागवतात. मृगावर मासा गिळायला हैदराबाद गाठणारेही आहेत. आता त्यात जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि हळदीच्या कॅप्सूलची भर पडली आहे. ओपीडीत प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टरसाहेब, हे सुरू केलं तर पंप बंद करू का?’’

उत्तर आहे, नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ती पंपातील स्टेरॉइडने उतरते. हे काम कोणतेही पूरक करत नाही.

ड जीवनसत्त्वाने दम्याचे झटके कमी होतात, असे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले होते. अधिक चाचण्या जमेस धरून २०२३ मध्ये तोच आढावा पुन्हा घेतला, तेव्हा तो फायदा टिकला नाही. तपासणीत कमतरता आढळली, तर हाडांसाठी ते जरूर घ्यावे.

तीव्र झटक्यात रुग्णालयात शिरेतून मॅग्नेशियम देतात. म्हणून त्याच्या गोळ्यांनी दमा आवरतो असे नव्हे. अडुळशातील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. पण कफ सुटला म्हणजे सूज उतरली, असे होत नाही.

मग आहाराला अर्थच नाही का? आहे. ऑस्ट्रेलियातील २०१२ च्या एका अभ्यासात फळे-भाज्या कमी खाणाऱ्या रुग्णांना झटके अधिक आले. टोमॅटोतील लायकोपीनच्या कॅप्सूलने मात्र फरक पडला नाही. तेव्हा कॅप्सूलचे पैसे आठवडी बाजारात पेरू, टोमॅटो, पालकावर खर्च करा. वजन जास्त असेल तर ते उतरवा.

लेबल नसलेल्या पुड्यांपासून सावध राहा. काहींत छुपे स्टेरॉइड सापडले आहे. आराम लगेच पडतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते आणि पुडी अचानक थांबवली तर जिवावर बेतते. ‘रॉयल जेली’नेही दमेकऱ्यांना गंभीर ॲलर्जी झाल्याची नोंद आहे.

काहीही घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. मळणीला नाक-तोंड बांधा. आणि बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर पंप घेत तडक १०८ ला फोन करा.