ऑपरेशन बाईनंच का करायचं?

एरवी आपण बियाणं, खत, फवारणी याबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. निंदणी, वेचणी, ऊसतोड ज्यांच्या जिवावर चालते त्या बायांच्या तब्येतीचा आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा बघा. देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के जणींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्यानं नसबंदी केलेली घरं 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन! महाराष्ट्रात तर बायांचं प्रमाण जवळपास निम्मं.

पूर्वी असं नव्हतं. आणीबाणीत 1976-77 साली साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंदी झाल्या, पुष्कळांच्या जबरदस्तीनं. पुरुष जे बिचकले ते बिचकलेच, आणि भार बायांवर आला. 'ताकद जाते, जड काम होत नाही' हे पारावर अजून ऐकू येतं. लोक बैल खच्ची करण्याशी गल्लत करतात. नसबंदीत अंडाला हात लावत नाहीत, फक्त शुक्रजंतूंची नळी बंद करतात. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि नंतर वीर्य तपासून घ्यावं.

बाईच्या ऑपरेशनला, टाक्याचं असो की दुर्बिणीचं, पोटाला छेद द्यावाच लागतो. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात 83 बायांची ऑपरेशनं उरकली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर डझनावर बाया दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. सरपंच-ग्रामसेवकांनी हे ध्यानात ठेवावं. उद्दिष्टाची पद्धत केंद्रानं 1996 मध्येच काढली, पण 'केस आणली का?' ही भाषा काही गेली नाही.

ऑपरेशन झालेल्या बाईला दोन आठवडे भारा, कळशी उचलायला लावू नका. संमती तिची स्वतःची लागते. नवऱ्याची सही सक्तीची नाही.

आणि पाळणा फक्त लांबवायचा असेल तर ऑपरेशन कशाला? तांबी पाच किंवा दहा वर्षं चालते. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. सरकारी दवाखान्यात हे सारं मोफत आहे. अंतरानं पाळी मागंपुढं होते, कधी थांबतेही. घाबरून मधेच सोडू नये, नर्सबाईंना विचारावं. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागतो, हेही आधीच समजून घ्यावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टोळी निघण्याआधी आशाताईंना भेटून पुढच्या इंजेक्शनची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड सोबत न्यावं. तारीख कारखान्याच्या तळावर असताना आली, तर तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवावं.