अधिकाऱ्याचा गौरव कोणीं करावा ? : अजिंठ्याचे दोन शिलालेख

राजसेवेंत आयुष्य वेंचलेल्या कर्तबगार अधिकाऱ्याचा गौरव कोणीं करावा आणि तो विश्वसनीय केव्हां मानावा, हा प्रश्न दरसाल २१ एप्रिलास मनांत येतो. इ. स. १९४७ मध्यें त्या दिवशीं सरदार वल्लभभाई पटेल यांनीं दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्यें नव्या प्रशासकीय सेवेच्या उमेदवारांपुढें भाषण केलें. त्याचें स्मरण म्हणून २००६ पासून नागरी सेवा दिन पाळण्यांत येतो व लोकप्रशासनांतील उत्कृष्ट कार्याबद्दल पंतप्रधानांचे पुरस्कार दिले जातात. प्रथा नवी असली तरी प्रश्न जुना आहे. आमचें लासूर स्टेशन ज्या छत्रपति संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यांत मोडतें, त्याच जिल्ह्यांत अजिंठ्यास या प्रश्नाशीं निगडित असे दोन संस्कृत लेख सुमारें पंधराशें वर्षांपासून खडकावर कोरलेले आहेत.

पहिला लेख सोळाव्या लेण्यांतला. हें लेणें वत्सगुल्म (हल्लींचें वाशीम) येथील वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत खोदवून भिक्षुसंघास अर्पण केलें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं हा लेख १९४१ मध्यें सविस्तर विवेचनासह प्रसिद्ध केला. वराहदेवाचा पिता हस्तिभोज हा देवसेन राजाचा सचिव होता. तो लोकांस पित्यासारखा, मातेसारखा व मित्रासारखा प्रिय असून सर्वांस सुखानें भेटतां येण्याजोगा होता, आणि त्याजवर राज्यभार सोंपवून राजा निश्चिंत झाला, असा लेखाचा आशय आहे. स्वतः वराहदेवाचें औदार्य, क्षमा व धर्मानें केलेलें प्रजापालनही त्यांत वर्णिलें आहे. वर्णन सुंदर खरें. परंतु लेख खोदविणारा आणि लेखांत वाखाणलेला पुरुष येथें एकच आहे, हें वाचकानें विसरूं नये.

दुसरा लेख सव्विसाव्या लेण्यांतील चैत्यगृहाचा. त्याचा कर्ता बुद्धभद्र हा भिक्षु. अश्मक देशाच्या राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ त्यानें हें चैत्यगृह करविलें. भव्विराज स्थिरबुद्धि, कृतज्ञ व विद्वान् होता, तसेंच देवांचे व असुरांचे आचार्य, म्हणजे बृहस्पति व शुक्र, यांच्या मतांत निष्णात होता, असें बुद्धभद्र सांगतो. हीं मतें म्हणजेच दण्डनीति. तेव्हां ही स्तुति केवळ सौजन्याची नसून त्याच्या अधिकाराला लागणाऱ्या विद्येची आहे. जगांत कीर्ति टिकते तोंवर मनुष्य स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असें स्मारक पर्वतावर करावें, अशी लेणें खोदण्याची उपपत्तिही त्यानें दिली आहे.

येथें गौरव करणारा निराळा आणि गौरविलेला निराळा. तथापि बुद्धभद्र सर्वथा निरपेक्ष होता असेंही म्हणवत नाहीं. तो स्वतःस भव्विराजाचा अनेक जन्मांचा स्नेही म्हणवितो. शिवाय पित्याच्या पश्चात् मंत्रिपदावर आलेल्या देवराजाची स्तुतिही त्याच लेखांत आहे.

पुढें याच प्रदेशावर निजामाचें राज्य होतें, तेव्हां गौरवाचें साधन किताब हें झालें. जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी त्यांची चढती पायरी होती. हैदराबादेच्या शिक्षणखात्याचे अधिकारी सय्यद हुसैन बिलग्रामी हे इमाद-उल-मुल्क याच नांवानें अधिक ओळखले जात. धन्यानें दिलेल्या किताबानें मूळ नांव मागें सारलें. १९४८ मध्यें तें राज्य भारतांत विलीन झालें आणि १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदानें, लष्करी व विद्याविषयक पदव्या वगळून, सरकारनें किताब देण्याची पद्धतिच बंद केली.

तिसरा मार्ग एका मराठी अधिकाऱ्याच्या चरित्रांत दिसतो. महाडजवळील नाते येथें १८९६ मध्यें जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१८ मध्यें आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले, मध्यप्रांत-वऱ्हाडांत चाकरी करून १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढें केंद्राचे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्यें त्यांनीं मंत्रिपद सोडलें. १९५९ मध्यें फिलिपाइन्समधील मॅगसेसे प्रतिष्ठानानें त्यांस शासनसेवेबद्दलचा पुरस्कार दिला. इंग्रज सरकारनें १९४४ मध्यें दिलेली 'सर' ही पदवी धन्याची होती. हा मान मात्र ज्यांच्यावर त्यांची सत्ता चालत नव्हती अशा परक्या हातांतून आला. मेघदूताचें मराठी रूपांतर करणाऱ्या या संस्कृतज्ञाला भव्विराजाच्या पंक्तीस बसविण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या उदाहरणांवरून आम्ही एवढेंच म्हणूं कीं, गौरव करणारा हात अधिकाऱ्याच्या सत्तेपासून जितका दूर, तितका गौरव अधिक प्रमाण. सरकारनें आपल्याच सेवकांस पुरस्कार देऊं नयेत असें नव्हे. पण परीक्षकांत ज्यांची कामें त्या अधिकाऱ्याकडे अडतात अशा रयतेचीही साक्ष असावी. कसोटी शोधावयास दूर जाणें नको. अधिकारी सर्वांस सुखानें भेटतां येण्याजोगा असावा, ही हस्तिभोजाच्या लेखांतली कसोटी आहे. ती त्याच्या पुत्रानें लिहविली, म्हणून हस्तिभोज तसा होताच असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. त्याच्या दारीं गेलेल्या एखाद्या शेतकऱ्यानें ती लिहविली असती, तर म्हणतां आलें असतें.