नवोदितांसाठी डार्ट बेडकांचे संगोपन : मेहकरसारख्या उष्ण प्रदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनेक पिढ्या बेडूक भेटला तो विच्छेदनाच्या तबकातच. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमातील प्राणिविच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले आणि जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाला महत्त्व आले. याच काळात परदेशी डार्ट बेडकांविषयीचे आकर्षणही छंद म्हणून वाढले. निळे, पिवळे, हिरवे असे झळझळीत रंग ल्यालेला, दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा हा बेडूक दिवसा वावरतो. त्यामुळे त्याचे निरीक्षण सोपे असते. मात्र तो मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील दमट अरण्यांचा रहिवासी आहे. पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरमध्ये उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी त्याला जगविणे शक्य आहे काय आणि कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषाविषयीचा गैरसमज :
कोलंबियातील आदिवासी शिकारी आपल्या फुंकनळीच्या बाणांना फायलोबेट्स टेरिबिलिससारख्या काही मोजक्या प्रजातींचे विष लावीत. त्यावरून या संपूर्ण कुळाला हे नाव मिळाले. परंतु हे विष बेडूक स्वतः बहुतांशी तयार करीत नाही. अरण्यातील मुंग्या, माइट्स इत्यादी भक्ष्यांतून मिळणारी अल्कलॉइड द्रव्ये तो आपल्या त्वचेत साठवितो. बंदिवासात जन्मलेल्या व फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकांत हे विष आढळत नाही. तरीही त्यांना हाताळणे टाळावे. येथे धोका माणसाला नसून बेडकालाच अधिक असतो. कारण हातावरील क्षार, साबण व मलमे त्याच्या त्वचेतून सहज शरीरात शिरतात.

त्वचा : संगोपनाचे मूळ सूत्र :
बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते त्वचेतून शोषतो. श्वसनाचा काही भागही त्वचेमार्फतच होतो. संगोपनाचे जवळपास सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात, हे नवोदिताने ध्यानी घ्यावे.

निवास : एका जोडीसाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीची काचपेटी पुरते. तळाशी खड्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर बारीक जाळी, मग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि सर्वांत वर वाळलेल्या पानांचा थर द्यावा. जिवंत वनस्पती व लपण्याच्या जागा आवश्यक असतात. भिन्न प्रजाती एकत्र ठेवू नयेत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेन्ड्रोबेट्स ल्युकोमेलास आणि हिरवा-काळा डेन्ड्रोबेट्स ऑराटस या प्रजाती नवोदितांसाठी योग्य मानल्या जातात.

पाणी व आर्द्रता : आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि बोअरच्या पाण्यातील क्षार दोन्ही घातक ठरू शकतात. म्हणून फवारणीसाठी आर.ओ.चे किंवा स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

तापमान : २२ ते २६ अंश सेल्सिअस हे तापमान अनुकूल असते. तीस अंशांवर गेल्यास जिवाला धोका संभवतो. बंद काचपेटी लवकर तापते. म्हणून ती उन्हात किंवा खिडकीशी ठेवू नये. पेटीत बर्फ टाकून हा प्रश्न सुटत नाही.

आहार : हा बेडूक अत्यंत लहान व हलते भक्ष्यच टिपतो. आनुवंशिकीच्या प्रयोगांमुळे प्राणिशास्त्र विभागाला परिचित असलेली फळमाशी हे त्याचे मुख्य अन्न होय. उडू न शकणारा उत्परिवर्तित प्रकार त्यासाठी निवडावा. माश्यांवर कॅल्शियम व जीवनसत्त्वांची भुकटी शिंपडूनच त्या द्याव्यात. अन्यथा हाडांचे विकार होतात. माश्यांची पैदासही उष्णतेला बळी पडते. सुमारे तीस अंशांवर फळमाशीचे नर वंध्य होऊ लागतात. परिणामी मे महिन्यात बेडूक आणि त्याचे अन्न दोन्ही एकाच वेळी संकटात येतात.

रोगसंसर्ग व जबाबदारी :
बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या नमुन्यावरून ते झाले, तो वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील एक निळा डार्ट बेडूकच होता. २०१९ मधील एका जागतिक अभ्यासाने सुमारे ५०० उभयचर प्रजातींच्या घटीशी या रोगाचा संबंध जोडला. २०११ मध्ये पश्चिम घाटातील बेडकांतही ही बुरशी नोंदविली गेली. म्हणून नव्या बेडकाला किमान महिनाभर विलग ठेवणे अनिवार्य मानावे. पेटीतील पाणी, माती वा वनस्पती निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर टाकू नये. एका पेटीतील निष्काळजीपणा पैनगंगेच्या खोऱ्यातील बेडकांना भोवू शकतो. बेडूक नकोसा झाल्यास त्याला नाल्यात सोडून देणे हाही पर्याय नव्हे.

कायद्याची बाजू :
डार्ट बेडकांच्या बहुतेक प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक सायटीस कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये समाविष्ट आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा प्राण्यांचा ताबा, जन्म व हस्तांतर यांची नोंदणी बंधनकारक केली. तिची कार्यपद्धती २०२४ च्या नियमांनी ठरविली. 'परिवेश' या संकेतस्थळामार्फत ही नोंदणी करावी लागते. कागदपत्रांविना विकला जाणारा प्राणी स्वस्त वाटला तरी तो खरेदी करू नये.

निष्कर्ष :
डार्ट बेडकांचे संगोपन कठीण नाही. मात्र ते अखंड दक्षतेचे काम आहे. मेहकरमध्ये वातानुकूलित खोली, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था आणि सुट्टीच्या काळातही रोज लक्ष देणारी व्यक्ती, या तीनही गोष्टी निश्चित झाल्याशिवाय हा प्राणी आणणे योग्य ठरणार नाही. दहा वर्षांहून अधिक जगू शकणारा हा जीव एका शैक्षणिक वर्षाचा प्रकल्प नव्हे. या अटी पूर्ण करता येत नसतील, तर निरीक्षणाची संधी आवारातच आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांत पिवळेधमक होऊन डराव डराव करणारे नर बेडूक, त्यांची अंडी आणि त्यांतून निघणारे भैरवमासे हे सर्व विद्यार्थ्यांना पेटीविना पाहता येते. त्यासाठी आवारातील एक खड्डा न बुजविता राखणे एवढेच संगोपन पुरेसे आहे.