तलाव नाशिकचा, मर्जी समुद्राची

नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी पाहायला नाशिककर मुलाबाळांसह जातात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. पण या पाहुण्या पक्ष्यांचे दस्तरखान मांडतो कोण? डोळ्यांना न दिसणारे प्लवक!

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यांतले काही वनस्पतींप्रमाणे उन्हावर अन्न तयार करतात. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्या प्राण्यांना मासे आणि माशांना पक्षी.

समुद्राचा प्रवाह नाशिकपर्यंत येत नाही. पण त्याचा पाऊस येतो. पावसाळ्यातले नैर्ऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात. खालचे थंड, क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि तिथे प्लवकांची भरभराट होते. तेच वारे पुढे बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात आणि गोदावरी, दारणा भरतात. अल्लाहने एकाच वाऱ्यावर किती जिवांची रोजी ठेवली आहे!

प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले, म्हणजे ‘एल निनो’ आला, की आपला पाऊस पुष्कळदा दगा देतो. 2023 साली एल निनो होता. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

पुराच्या गढूळ पाण्यात ऊन खोल जात नाही आणि प्लवक वाहून जातात. गाळ बसला की ते पुन्हा वाढतात. पाऊसच कमी पडला तर पाणी साचते, तापते. त्यात सांडपाणी आणि खते मिसळली की नील-हरित शैवाल माजते. पाण्यावर हिरवी साय धरते, प्राणवायू घटतो, मासे मरतात. या शैवालाच्या काही जातींचे विष पाणी उकळूनही जात नाही. म्हणून अशा पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, शेळ्यांनाही ते पाजू नका.

समुद्र आपल्या हाती नाही. नाला मात्र आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. मग त्यात आपण काय काय सोडतो? अलीकडे बकरी ईद उन्हाळ्याच्या अखेरीस येते, तेव्हा पाणी सर्वांत कमी असते. कुर्बानीचे अवशेष नाल्यात न टाकता पालिकेच्या गाडीत द्यावेत. वुजूचे पाणी पाक हवे, तर तलावही पाक ठेवायला हवा.