आत्याला झाला, म्हणजे घरातच झाला

‘आमच्या घरात कॅन्सर कोणालाच नाही. आत्याला झाला होता, पण ती दिल्या घरची.’ चिरनेर, उरण, पनवेल या पट्ट्यात आनुवंशिक कर्करोगाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. दिवसभर मोबाइलवर आरोग्याची माहिती वाचणारी पंचविशीतली मुलंमुलीही हेच म्हणतात. वर पुस्ती असते: स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग बायकांचा, तो आला तर आईकडून येणार, वडिलांचा काय संबंध?

संबंध आईइतकाच आहे. ज्यांच्यातल्या दोषामुळे या कर्करोगांचा धोका वाढतो, त्यांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं आणि बीआरसीए-२ हे १३व्या. ही गुणसूत्रं स्त्री-पुरुष दोघांतही जोडीने असतात. वडिलांच्या जोडीतल्या एका प्रतीत दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के. मग मुलगा असो की मुलगी. आईकडून येण्याची शक्यताही तेवढीच. लग्नानंतर आत्याचं आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं, तरी तिची साधारण निम्मी जनुकं तुमच्या वडिलांशी जुळतात ती जुळतातच. गोत्राचा हिशेबही इथे चालत नाही. गोत्र फक्त बापाकडून मोजतात, जनुकं दोघांकडून येतात.

‘एक पिढी सोडून येतो’ हा समजही वडिलांची बाजू वगळण्यातूनच निघतो. आजीला कर्करोग झाला, वडील ठणठणीत, आणि नात तिशीत आजारी. दोष पिढी सोडून गेलेला नसतो. तो वडिलांत होता, पण पुरुषात स्तनाचा कर्करोग क्वचितच होत असल्याने दिसला नाही. म्हणून वडील निर्धास्त, असंही नाही. बीआरसीए-२ मधल्या दोषामुळे पुरुषांत प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट, वडिलांची चाचणी झाली आणि घराण्यात सापडलेला तो दोष त्यांच्यात नसला, तर त्यांच्या बाजूने तो मुलांपर्यंत पोचूच शकत नाही.

हे इतकं ताणून सांगायचं कारण असं की डॉक्टरांचा पहिला निर्णय या वंशावळीवरच ठरतो. चाचणी सुचवायची की नाही, हे किमान तीन पिढ्यांचा तक्ता काढून ठरवतात: कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. वडिलांना चार भाऊ आणि एकच बहीण असेल, तर त्या बाजूचा बराचसा पुरावा त्या एका बाईत असतो. तिलाच ‘दिल्या घरची’ म्हणून वगळलं की तक्ता कोरा दिसतो आणि जिची तपासणी वेळेत सुरू व्हायला हवी ती मुलगी घरी परत जाते. याचा मला खरोखर संताप येतो, कारण माहिती असते, फक्त सांगितली जात नाही.

तरुणांना ऑनलाइन मदतीचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे. अलिबागची आत्या, पुण्याची मावसबहीण, गावातले चुलते एका व्हिडिओ कॉलवर येऊ शकतात. तासाभरात तक्ता भरतो. नोंदणीकृत डॉक्टरांचा दूरसल्ला २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिकृत आहे, तेव्हा ‘फोनवरचा सल्ला खोटा’ हेही डोक्यातून काढून टाका. नमुना द्यायला आणि तपासणीला मात्र जावंच लागतं. आपल्या सुदैवाने टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे; डॉ. राजीव सरीन यांच्या गटाने आनुवंशिक कर्करोगावर तिथे बरीच वर्षं काम केलं आहे. चाचणी शक्यतो आधी आजारी नातेवाइकाची करतात. त्या व्यक्तीत दोष सापडला की बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधावा लागतो, आणि खर्चही कमी येतो.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

‘हा अँजेलिना जोलीसारख्या गोऱ्यांचा आजार.’ नाही. अश्केनाझी ज्यूंमध्ये प्रसिद्ध झालेला १८५डेलएजी हा जनुकातला बदल भारतीय रुग्णांतही पुन्हापुन्हा सापडला आहे.

‘घराण्यात कॅन्सर म्हणजे आनुवंशिकच.’ नाही. सगळ्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आजोबांचा तंबाखूमुळे झालेला तोंडाचा कर्करोग या हिशेबात सहसा येत नाही.

‘पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झालाच.’ पॉझिटिव्ह म्हणजे धोका जास्त. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार स्त्रियांत ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए-१ मध्ये दोष असल्यास ७२ आणि बीआरसीए-२ मध्ये असल्यास ६९ टक्के आहे, अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७. आकडे मोठे आहेत, पण त्यावर करण्यासारखंही बरंच आहे: साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफी, पुढे वाटल्यास शस्त्रक्रिया. आणि अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असं लिहिलं असेल तर तो पॉझिटिव्ह नव्हे. त्यावरून कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या.

‘थुंकी पाठवली, निगेटिव्ह आलं, सुटलो.’ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा घरगुती चाचणीला परवानगी दिली ती तेव्हा फक्त तीन बदलांसाठी. धोकादायक बदल हजारोंनी आहेत.

‘लहानपणीच करून टाकू.’ बीआरसीएची चाचणी १८ वर्षांआधी सहसा करत नाहीत, कारण त्या वयात तिच्यावरून काही उपाय बदलत नाही. डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा किंवा आतड्यात असंख्य गाठी होणारा एफएपी यांची गोष्ट वेगळी; तिथे बालपणापासूनच तपासणी लागते.

राहिली लग्नाची धास्ती. ‘स्थळ मोडेल’ म्हणून आईवडील मुलीचा अहवाल कपाटात दडवतात. सज्ञान मुलीचा अहवाल तिचा आहे. कोणाला आणि कधी सांगायचं ते तिने ठरवावं. मदत मागताना तो नावासकट कुठल्याही ग्रुपवर टाकू नये. रात्री भीती दाटून आली आणि घरात बोलता येत नसेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.